कामाची वही, हजेरीची वही, पैशाची वही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या बऱ्याच फाउंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, ऑर्डर कधी भरायची ते सुपरवायझरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. हजेरीचं मस्टर टाइम ऑफिसात, आणि हिशेब आतल्या खोलीत, अकाउंटंटच्या टॅलीत. भाताची सुगी आली की खानापूरकडचे मोल्डर, म्हणजे साचे घालणारे कामगार, गावी जातात. फळ्यावरची तारीख मात्र हलत नाही. मग उरलेल्या माणसांना ओव्हरटाइम, आणि त्याचा बोजा मालकाला कळतो तो पगाराच्या दिवशी. यात सुपरवायझरचा दोष नाही, अकाउंटंटचाही नाही. या तीन वह्या जन्मल्याच वेगवेगळ्या घरांत.

बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. त्याच दशकात तिकडे अमेरिकेत हेन्री गँट हे अभियंते कारखान्याची कामं आडव्या पट्ट्यांनी आखून दाखवत होते. त्या पट्ट्यांत वेळ दिसे, पैसा नाही. १९५७ मध्ये ड्यू पाँट कंपनीसाठी जेम्स केली आणि मॉर्गन वॉकर या दोघांनी क्रिटिकल पाथची, म्हणजे जी लांबली तर सगळं कामच लांबतं ती कामांची साखळी शोधायची, रीत बसवली, ती मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची वाटते. त्यांचा प्रश्न थेट खर्चाचा होता: काम चार दिवस आधी संपवायचं तर जादा किती मोजावे लागतील? पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही कामाच्या आखणीची पद्धत आणली, तीत आधी फक्त वेळच होता. खर्च नंतर जोडावा लागला.

१९६४ च्या सुमारास जोसेफ ऑर्लिकी यांनी कच्च्या मालाची आखणी संगणकावर नेली. पुढे तिला माणसांची, यंत्रांची क्षमता आणि पैसा जोडला गेला, आणि १९९० मध्ये या जोडणीला, म्हणजे सगळा कारभार एकाच संगणक-प्रणालीत आणण्याला, ईआरपी हे नाव मिळालं.

आपल्याकडे ही जोडणी मोठ्या कंपन्यांपुरती राहिली, याचं एक कारण कायद्यातही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांची नोंदवही सक्तीची केली. हिशेब करखात्याला लागतोच. २०१७ च्या जीएसटीनंतर तर लहान वर्कशॉपचाही तो संगणकावर गेला. तिसरी वही, कामाच्या आखणीची, कुणी तपासायलाच मागितली नाही. ती फळ्यावर राहिली आणि दर सोमवारी पुसली गेली.

त्या फळ्यावर नगांच्या शेजारी दोनच रकाने वाढवले, मोल्डरांचे दिवस आणि रुपये, तरी सुगीचा खड्डा ऑक्टोबरातच दिसतो.