सेल्युलोज एरोजेल (काथ्यापासून)

सेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा मुख्य घटक. त्याच्या ओल्या जेलमधले पाणी तंतूंचे जाळे कोसळू न देता काढले की पाण्याच्या जागी हवा भरते आणि अतिशय हलका, सच्छिद्र पदार्थ हाती येतो: एरोजेल. सॅम्युएल किस्लर यांनी १९३१-३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या एरोजेलांत सिलिकाबरोबर सेल्युलोजही होते.

कोकणात यासाठी सहज मिळणारा कच्चा माल म्हणजे नारळाचे सोडण. मात्र त्यातला तंतू, म्हणजे काथ्या, सोपा नाही. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. काथ्यात ते साधारण ४० टक्के, आणि लिग्निनही (तंतूंना जखडून ठेवणारा कडक घटक) जवळपास तितकेच. खाडीत कुजवलेल्या सोडणात मीठही मुरलेले असते. ते आधी गोड्या पाण्याने पुरते धुवावे, त्याचे कारण पुढे येते.

काथ्या सेंटिमीटरभर कापून ५ टक्के कॉस्टिक सोड्यात (१ ग्रॅमला २० मिली) ८० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवतात. पाणी काळपट होते. धुऊन पुन्हा तेच. मग ॲसेटिक आम्लाने सामू ४ ते ५ राखून सोडियम क्लोराइटच्या सौम्य द्रावणात ७० अंशांना, पांढरा होईपर्यंत विरंजन (रंग घालवणे). यात क्लोरीन डाय-ऑक्साइड हा विषारी वायू सुटतो, म्हणून हे काम धूरकपाटातच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) आणि काचेच्या भांड्यात करावे. तयार लगदा वाळू देऊ नये. एकदा वाळला की तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात आणि नंतर नीट फुगत नाहीत.

७ ग्रॅम कॉस्टिक सोडा, १२ ग्रॅम युरिया आणि ८१ ग्रॅम पाणी उणे १२ अंशांपर्यंत थंड करून त्यात ३ ग्रॅम सेल्युलोज (ओल्या लगद्यातले पाणी हिशेबात धरून) जोरात घोटतात. काही मिनिटांत घोळ पारदर्शक होतो. गुठळ्या राहिल्या तर बहुधा घोटताना तापमान चढलेले असते. बुडबुडे काढून ५०-६० अंशांना जेल जमवतात आणि सामू ७ येईपर्यंत पाणी बदलत राहतात. जेल अजिबात आकसले नाही, तर घनता ०.०३ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि सच्छिद्रता ९८ टक्के यायला हवी.

खरी कसोटी वाळवणीत. उघड्यावर वाळवले तर पाण्याचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती आत ओढतो आणि कडक चकती उरते. म्हणून पाण्याच्या जागी टप्प्याटप्प्याने इथेनॉल आणि मग कार्बन डाय-ऑक्साइड भरून, तो क्रांतिक बिंदूपलीकडे, म्हणजे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही अशा स्थितीत, नेऊन सोडतात. तिथे पृष्ठताण नसतो. त्या बिंदूला लागणारे ३१.१ अंश तापमान कोकणातल्या मे महिन्यात खोलीतच असते. अवघड आहे तो ७४ बारचा दाब. फ्रीझ ड्रायर (गोठवलेल्या जेलमधला बर्फ निर्वातात थेट वाफ करून काढणारे यंत्र) तुलनेने स्वस्त, पण बर्फाचे स्फटिक मोठे झाले की छिद्रेही मोठी होतात आणि पापुद्रे सुटतात. जेल शक्य तितक्या झटकन गोठवावे. मीठ उरले असेल तर त्याचे द्रावण उणे २१ अंशांपर्यंत पातळच राहते, आणि निर्वातात जेलचा तेवढा भाग खचतो.

पावसाळ्यातली किनाऱ्यावरची दमट हवा शोषून एरोजेल पुन्हा आकसते. बंद भांड्यात ७० अंशांना मिथिलट्रायमेथॉक्सीसिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाची वाफ काही तास दिली की ते पाणी झटकते आणि तेल शोषते. असा तुकडा धक्क्यालगतचा डिझेलचा तवंग टिपू शकतो. किनाऱ्याला लागणारे घट्ट डांबरगोळे त्यात मुरत नाहीत. मासळीच्या पेट्यांसाठी उष्णतारोधक म्हणून तो चांगला, पण सध्या थर्माकोलपुढे फार महाग.

लगद्याचे काळे पाणी खाडीत सोडू नये. आम्ल घालून सामू २ वर आणला की लिग्निनचा साका बसतो. तो गाळून, पाणी उदासीन करून मगच सांडपाणी प्रक्रियेला द्यावे.