मैदानावरील बाई आणि प्रशिक्षकाचे पद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी शाळांमध्ये मुलींना लंगडी, लेझीम आणि खो-खो शिकविणाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून होत्या. मात्र त्यांना प्रशिक्षक असे कोणी म्हटले नाही, त्या ‘पी.टी.च्या बाई’च राहिल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि खेळाडूंचे राज्यही बदलले. १९६०-६१ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा निपाणीपासून हाकेच्या अंतरावरील कोल्हापुरात भरली, तेव्हा कोल्हापूरच्या मुलीला महाराष्ट्राच्या आणि निपाणीच्या मुलीला म्हैसूरच्या संघाचा दरवाजा ठोठवावा लागे.

१९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिच्या पदविकेमुळे प्रशिक्षण हा शाळेतील पी.टी.हून वेगळा, पगारी व्यवसाय ठरला. पण घर सोडून दूर पंजाबात राहून शिकायचे, हे सीमाभागातील मुलीला त्या काळी किती शक्य होते, हे सांगायला नको. फुकटचे काम बाईंकडे आणि पद पुरुषाकडे, ही वाटणी केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत शिक्षणातील स्त्री-पुरुष समानतेच्या १९७२ च्या कायद्यापूर्वी महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. कायद्यामुळे मुलींच्या खेळात पैसा आला, पुरुष त्या पदांकडे वळले आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर उतरले.

प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. ॲथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीचे भालचंद्र भागवत हे पहिले तिन्ही मानकरी पुरुष होते. यांपैकी नंबियार यांची कीर्ती पी. टी. उषा या मुलीच्या धावण्यावर उभी होती, हेही ध्यानात घ्यावे. क्रिकेटच्या सुनीता शर्मा यांना हा पुरस्कार २००५ मध्ये, तर कबड्डीच्या सुनील डबास या महिला प्रशिक्षकांना २०१२ मध्ये मिळाला.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरविले. त्या इराणी संघाला घडविणाऱ्या शैलजा जैन नाशिकच्या. त्याच स्पर्धेत बेळगावजवळील तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक जिंकले. सीमाभागातील मुली आशियाई पदकापर्यंत पोहोचल्या आहेत. परंतु तीन वर्षांनी झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जगभरच्या प्रशिक्षकांत स्त्रिया अवघ्या १३ टक्के होत्या.