मायक्रोवेव्हमधला फ्रिटाटा मधोमध कच्चा का राहतो?

‘मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो’ हे वाक्य चांगली शिकलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. ते खोटं पाडायला चार अंड्यांचा फ्रिटाटा, म्हणजे भाज्या घातलेलं जाड ऑम्लेट, पुरतो. अंडी फेटा, चिरलेल्या भाज्या घाला आणि काचेच्या भांड्यात पूर्ण पॉवरवर ठेवून काचेतून बघत राहा. आधी कडा धरतात, मग त्या रबरासारख्या चिवट होतात, आणि तरीही मध्यभागी पातळ अंड्याचं तळं तसंच असतं. आतून शिजत असतं तर उलटं दिसायला हवं होतं.

मॅग्नेट्रॉनमधून, म्हणजे ओव्हनमध्ये लहरी तयार करणाऱ्या नळीतून, निघणाऱ्या लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ असते, म्हणजे तरंगलांबी सुमारे 12.2 सेंमी. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. विद्युतक्षेत्र एका सेकंदात 245 कोटी आवर्तनं करतं. रेणू त्याच्यामागे वळू पाहतो, पण शेजारच्या रेणूंशी बांधलेला असल्यामुळे सतत थोडा मागे पडतो, आणि या ओढाताणीत लहरीची ऊर्जा उष्णतेत बदलते. ही वारंवारता ‘पाण्याच्या अनुनादाची’ आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या स्वतःच्या कंपनाशी नेमकी जुळते, असंही छापलेलं आढळतं. तेही चूक. सामान्य तापमानाचं पाणी सगळ्यात जोरात शोषतं ते 20 गिगाहर्ट्झच्या आसपास. ओव्हन तिथे चालवला असता तर सगळी ऊर्जा वरच्या पापुद्र्यातच संपली असती.

2.45 ला ती जरा खोल जाते, पण जराच. ओलसर अन्नात दर एक-दोन सेंटिमीटरला लहरीची शक्ती सुमारे 37 टक्क्यांवर येते. त्यापुढे उष्णता नेहमीच्याच संथ वाटेने, वहनाने, आत झिरपते. कडेला लहरी वरूनही येतात आणि बाजूनेही. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यात त्या तीन बाजूंनी येतात, म्हणून कोपरे सर्वांत आधी वाया जातात. त्यात मीठ भर घालतं. तापमान वाढलं की शुद्ध पाणी या लहरी कमी शोषतं. खारट मिश्रणात मात्र आयन (मिठाचे विद्युतभारित कण) जास्त मोकळे धावू लागतात आणि शोषण वाढतं. जी कड आधी तापली, तीच आणखी जोरात तापते! म्हणून मीठ वरून भुरभुरवायचं नाही, फेटतानाच पूर्ण विरघळवायचं.

आता अंड्याची बाजू. फेटलेलं अख्खं अंडं 73 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होतं, दूध घातलं की हा आकडा थोडा वर सरकतो. गुंडाळीसारखी प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत पाणी अडकतं. तापवत राहिलात तर जाळी आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. ताटलीत साचणारं पाणी हेच, निदान त्यातलं काही. उरलेलं भाज्यांचं.

भाज्या आधी शिजवायच्या, यालाही कारण आहे. भाजीच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला साधारण 85 अंश लागतात. अंडं तिथे पोचेपर्यंत बिघडलेलं असतं. दोघांचं एका वेळी साधत नाही.

प्रमाण असं: 4 अंडी, 60 मिली दूध, पाव चमचा मीठ, 150 ग्रॅम बारीक चिरलेल्या भाज्या (कांदा, ढोबळी मिरची, मशरूम, पालक). सुमारे 16 सेंमी व्यासाचं गोल काचेचं भांडं घ्या, थर 2 सेंमीच्या आत राहील. भाज्या झाकून पूर्ण पॉवरवर 3 मिनिटं शिजवा, सुटलेलं पाणी ओतून टाका आणि कोमट होऊ द्या. गरम भाजीवर अंडं ओतलं तर तिच्याभोवती गुठळ्या धरतात. मग मिश्रण ओता, सैल झाकण ठेवा, आणि 800 वॅटच्या ओव्हनमध्ये पॉवर 50 टक्के ठेवून 2 मिनिटं चालवा. धरलेल्या कडा चमच्याने मध्याकडे ढकला. आणखी दीड मिनिटाने पुन्हा तेच. त्यानंतर दीड ते दोन मिनिटं. मध्यभाग अजून थरथरत असतानाच थांबा आणि झाकून 3 मिनिटं ठेवा. उरलेलं काम वहन करतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी किमान 71 अंश दिसायला हवेत, म्हणजे अंड्यातल्या साल्मोनेला जिवाणूची चिंता नाही.

50 टक्के म्हणजे बहुतेक ओव्हनमध्ये मंद लहरी नव्हेत. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात चालतो, तेवढाच वेळ बंद राहतो. त्या विश्रांतीत कडेची उष्णता मध्याकडे सरकते. (इन्व्हर्टरवाले ओव्हन खरोखर शक्ती उतरवतात.) हिशेब करून बघा: 400 ग्रॅम मिश्रण 10 वरून 75 अंशांवर न्यायला सुमारे 96 किलोज्यूल लागतात, सरासरी 400 वॅटने 240 सेकंद. काही ऊर्जा वाफेत, भांड्यात आणि न शोषलेल्या लहरींत जाते, म्हणून साडेपाच मिनिटांच्या घरात. ‘दोन मिनिटांत फ्रिटाटा’ दाखवणारे व्हिडिओ एका अंड्याचा कप दाखवतात, किंवा कापून दाखवत नाहीत.

भांडं फिरत्या तबकडीच्या बरोबर मधोमध नको. ओव्हनच्या आत स्थिर लहरी तयार होतात आणि तापणारे पट्टे साधारण 6 सेंमी अंतरावर येतात. तबकडीच्या केंद्रावरची जागा जागच्या जागी फिरते, तिच्या वाट्याला कायम एकच क्षेत्र येतं. भांडं थोडं सरकवून ठेवा.

आपला ओव्हन किती वॅटचा, हे खोक्यावरून ठरवू नका, तो आकडा विजेच्या खपाचाही असू शकतो. 1 लिटर थंड पाणी पूर्ण पॉवरवर 60 सेकंद तापवा, ढवळा, किती अंश वाढले ते मोजा आणि 70 ने गुणा. 8 अंश वाढले तर तुमचा ओव्हन 560 वॅटचा आहे, आणि वरच्या वेळा सुमारे 1.4 पट कराव्या लागतील.

‘मायक्रोवेव्हने अन्नातले रेणू बिघडतात’ अशी भीतीही पसरवली जाते. या लहरींच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडीची, ऊर्जा सुमारे एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा (रेणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं एकक) लाखावा भाग असते, तर रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. प्रथिनं उलगडतात ती उष्णतेने, तव्यावरही तशीच.

तव्यावरचा खरपूस तपकिरी रंग मात्र इथे मिळत नाही. त्यासाठी पृष्ठभाग कोरडा होऊन 140 अंशांच्या आसपास जायला हवा, आणि ओव्हनमधली हवा तर जवळजवळ थंडच असते. शेवटच्या मिनिटाला चीज टाकलं तरी ते वितळतं, भाजलं जात नाही. रंग हवाच असेल तर भांडं ग्रिलखाली चालणारं आहे ना, हे आधी तपासा आणि दोन मिनिटं तिथे ठेवा.