ग्रँड ज्युरीचं पत्र आलंय? आधी ते कोणतं आहे ते बघा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या टपालात कधीतरी फेडरल कोर्टाचा लिफाफा येतो आणि घरात धाकधूक सुरू होते. ज्युरी म्हटलं की आपल्याला 1959 चा नानावटी खटला आठवतो. पण त्या ज्युरीपुढे प्रश्न दोषी की निर्दोष हा होता. ग्रँड ज्युरी तो निकाल देतच नाही. सरकारी वकिलाने मांडलेल्या पुराव्यावरून खटला भरण्याइतपत आधार दिसतो का, एवढंच ती बघते. फेडरल ग्रँड ज्युरीत 16 ते 23 नागरिक असतात आणि किमान 12 जणांनी होकार दिला की आरोप निश्चित होतो. राज्यांचे नियम वेगळे आहेत, इथे फक्त फेडरल कोर्टाचं सांगतो.

पत्र ज्युरी सदस्यत्वाचं असेल, तर सोबत पात्रतेचा फॉर्म असतो किंवा तो आधीच आलेला असतो. बऱ्याच कोर्टांत तो ऑनलाइनही भरता येतो. अटी अशा: अमेरिकन नागरिकत्व, वय किमान 18, त्या कोर्टाच्या हद्दीत वर्षभर वास्तव्य, फॉर्म भरण्यापुरतं इंग्रजी, आणि अंगावर गंभीर गुन्हा नसणं. नावं मतदार यादीतून आणि अनेक ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही निघतात. म्हणून ग्रीन कार्ड किंवा एच-1बी वाल्यांनाही पत्र येतं. त्यांनी नागरिकत्वाच्या प्रश्नावर ‘नाही’ लिहायचं, सही करायची आणि फॉर्म मुदतीत परत पाठवायचा. ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून पत्र रद्दीत टाकू नका. आणि ‘हो’वर तर चुकूनही खूण करू नका, कारण नागरिक असल्याचा खोटा दावा केला तर देशात राहणंच धोक्यात येतं.

नागरिक असाल तर जावं लागतं. समन्स आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. आजारपणामुळे सूट हवी असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. भत्ता दिवसाला 50 डॉलर. मुदत सहसा 18 महिन्यांपर्यंत असते, पण रोज बसावं लागत नाही. या कामासाठी मालक नोकरीवरून काढू शकत नाही. आत ऐकलेलं मात्र घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

पत्रावर ‘सबपीना’ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही साक्षीदार असता किंवा तुमच्याकडची कागदपत्रं मागवलेली असतात. तिथे नागरिकत्वाचा प्रश्नच नाही. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो त्या खोलीत. तिथे न्यायाधीश नसतो आणि तुमचा वकीलही आत येऊ शकत नाही. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबतो. प्रश्न अडचणीचा वाटला तर ‘वकिलाशी बोलून येतो’ म्हणून उठायचं, दाराबाहेर कुजबुजायचं आणि परत येऊन उत्तर द्यायचं. स्वतःला गोत्यात आणणारं उत्तर नाकारण्याचा हक्क पाचव्या घटनादुरुस्तीने दिला आहे, आणि तो नागरिक नसलेल्यांनाही आहे. आत सूत्रं सरकारी वकिलाच्या हातात. आरोपीच्या बाजूचा पुरावा मांडायलाच हवा असं बंधनही त्याच्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये ठरवून टाकलं. सामना मला तरी एकतर्फी वाटतो. म्हणून सबपीना हातात पडल्या दिवशीच वकील गाठा.

आरोप निश्चित झालाच आणि वकील परवडत नसेल, तर सीजेए 23 हा उत्पन्नाचा फॉर्म भरायचा: पगार, बँकेतली शिल्लक, कर्ज, तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं. तो शपथेवर भरायचा असतो, आकडे फिरवू नका. कोर्टाची खात्री पटली की पब्लिक डिफेंडर (सरकारी पगारावरचा बचावाचा वकील) किंवा कोर्टाच्या पॅनलवरचा खासगी वकील मिळतो, तुम्ही व्हिसावर असलात तरी. गुन्हा कबूल करण्याच्या करारावर सही करण्याआधी त्याला एकच विचारा: याने माझ्या व्हिसाचं काय होईल? कबुलीने हद्दपारीचा धोका असेल तर तसं अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असा निकाल 2010 मध्येच लागलेला आहे.