टपाल तिकिटावर कोणाचा चेहरा? मागची गोष्ट

आपल्या खान्देशात कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस जवळ आला की "साहेबांवर भारत सरकारचं टपाल तिकीट निघालं" असा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो, सोबत फोटो, त्यावर पाच रुपये छापलेले. म्हणून हे लिहितोय.

इंग्रजांच्या काळात तिकिटावर राणी नाहीतर राजा, विषय संपला. 15 ऑगस्ट 1948 ला गांधीजी आले, 1952 ला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर, मग रांगच लागली.

वाद खरा हयात माणसांचा. आताचा शिरस्ता असा की माणूस जाऊन साधारण दहा वर्षं व्हायला हवीत, जन्मशताब्दी नाहीतर पुण्यतिथीचं निमित्त हवं आणि नाव सल्लागार समितीकडून यायला हवं. पण 18 एप्रिल 1958 ला महर्षी कर्वे शंभर वर्षांचे झाले त्याच दिवशी त्यांच्यावर 15 नये पैशांचं तिकीट निघालं, आणि ते बघायला अण्णा (म्हणजे कर्वे) स्वतः होते! 1960 ला विश्वेश्वरय्या, मग काही राष्ट्रपती, 1980 ला मदर तेरेसा, आणि 2013 ला सचिन, तोही चाळिशीत. कर्व्यांचं मला शंभर टक्के पटतं, आयुष्यभराचं काम समोर होतं. सचिन कितीही आवडता असला तरी तिथं घाई झाली असंच मी म्हणेन, कारण एकदा अपवाद केला की प्रत्येक गावाला आपला माणूस तेवढाच मोठा वाटतो.

त्यात 2011 ला माय स्टॅम्प, म्हणजे तिकिटाशेजारी आपला फोटो छापून देणारी पोस्टाची योजना, आली आणि सगळा घोळ झाला. तीनशे रुपये भरायचे, फॉर्म, फोटो आणि ओळखपत्र द्यायचं, बारा तिकिटांचं शीट मिळतं. तिकीट पोस्टाच्या ठरलेल्या डिझाइनचं, आपला फोटो फक्त त्याच्या शेजारी. पाकिटाला लावलं तर चालतं, खोटं काही नाही, पण नवरा-नवरीचंसुद्धा निघतं, त्याला समिती लागत नाही. 2020 ला कानपूरला तर गुंडांच्या फोटोंची शीटं छापून दिली गेली होती.

अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींवर पोस्टानं स्वतःहून तिकीट काढलंय, त्या मानाशी पैसे भरून काढलेलं शीट एका ओळीत बसवू नका ना. मेसेज आला की फोटोच्या बाजूला ताजमहाल, फुलं, राशीचं चिन्ह असलं काही चित्र आहे का बघा, असेल तर ते माय स्टॅम्पच.