काळा रंग मारला म्हणून इंटरकूलर गार होत नाही

म्हापसा, फोंड्याकडच्या गॅरेजांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणाऱ्या जाळीला, काळा रंग मारा, तो जास्त उष्णता फेकतो. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो टिकलाय.

उघड्या ॲल्युमिनियमपेक्षा काळा पृष्ठभाग प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, खूप जास्त उष्णता सोडतो, हे खरंच. पण इंटरकूलरचं काम त्यावर चालत नाही. बाहेर ३२ अंश असताना टर्बोने (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने) १ बार बूस्ट, म्हणजे जादा दाब, दिला की दाबलेली हवा १०० अंशांच्या वर जाते. ती उष्णता फिन्समधून, म्हणजे पातळ पत्र्यांच्या पट्ट्यांमधून, वाहणारा वारा नेतो, तीही जोरात चालवताना किलोवॅटच्या हिशेबात. समोरच्या पृष्ठभागाचं प्रारण जेमतेम काही डझन वॅटचं. आतल्या फिन्स तर एकमेकींवरच उष्णता टाकत राहतात.

उलट रंगाचे जाड थर फिन्समधल्या फटी बुजवतात आणि वारा अडतो. तिथे खरं नुकसान होतं.

तरी रंग मारूच नका, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. नीट धुऊन, तेल काढून मारलेला एकच पातळ हात उपयोगी आहे. दिसतोही छान. बंपरआड लपतो, ते वेगळं.

चोर्ला घाटात फरक हवा असेल तर पावसाळ्यातला लाल चिखल हलक्या दाबाच्या पाण्याने काढा, वाकलेल्या फिन्स सरळ करा, बाजूच्या फटी फोमने बंद करा, म्हणजे वारा इंटरकूलरमधूनच जाईल.