हेडहंटर म्हणजे नक्की कोण? थोडी पार्श्वभूमी

मराठीत हेड म्हणजे डिपार्टमेंटचा साहेब, त्यामुळे हेडहंटर म्हणजे साहेब शोधून देणारा असं बऱ्याच जणांना वाटतं. अर्थ बरोबर जुळतो पण शब्द तसा आलेला नाही. मूळ शब्द खरोखरच मुंडकी मारून नेणाऱ्यांसाठीचा, बोर्निओ वगैरे भागातल्या जमातींबद्दल लिहिताना 19व्या शतकात इंग्रजीत रुळला. बेसबॉलमध्ये बॅटरच्या डोक्यावर बॉल टाकणारा पिचरही हेडहंटरच. नोकरीवाला अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आला आणि तो काही कौतुकाचा नव्हता, म्हणून त्या धंद्यातले लोक कार्डावर अजूनही एक्झिक्युटिव्ह सर्च कन्सल्टंट असंच छापतात.

रिक्रूटर आणि हेडहंटर यात फरक पैशाचा आहे. साधी एजन्सी माणूस जॉइन झाला तरच फी घेते. खरा हेडहंटर रिटेनरवर, म्हणजे काम सुरू होतानाच पहिला हप्ता घेणारा, आणि एकूण फी साधारण पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश. दोन्हीकडे पैसे कंपनीच देते, तरी कॅंडिडेट 'माझा हेडहंटर' म्हणतो याची गंमत वाटते.

खरी भानगड झाली जर्मनीत. तिथे नोकरी लावून देणं हा कितीतरी वर्षं सरकारी मक्ता होता, खाजगी माणसाने केलं तर करारच रद्दबातल, पण मॅनेजर लोकांच्या बाबतीत सरकार काणाडोळा करायचं. मग एका कंपनीने शोधून दिलेला माणूस घेतला नाही आणि फीही दिली नाही, कन्सल्टंट कोर्टात गेले, आणि प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत पोचलं. 1991 मध्ये निकाल आला की ज्या मक्त्याला मागणी पुरवताच येत नाही आणि तरी तो इतरांना अडवतो तो मक्त्याचा गैरवापर. पुढे 1994 मध्ये मक्ताच गेला. मग भांडण फोनवर आलं: दुसऱ्याच्या ऑफिसात, त्याच्या पगाराच्या वेळेत, त्याचाच माणूस फोडायला फोन करायचा का? 2004 मध्ये जर्मनीतल्या कोर्टाने सांगितलं की पहिला छोटा फोन चालेल, ओळख द्या, इंटरेस्ट आहे का विचारा, जागेबद्दल थोडक्यात सांगा, बाकीचं ऑफिसबाहेर. 2007 मध्ये अजून एक कान टोचला, समोरच्याचा बायोडाटा त्यालाच वाचून दाखवत बसू नका. मला 2004 चा निकाल जरा हेडहंटरच्या बाजूने झुकलेला वाटतो, कारण तो एक फोनच पुरतो.

त्यातही आडवळणाने विचारायची जुनी पद्धत आहेच. 'तुमच्या ओळखीत कोणी आहे का या पोस्टसाठी?' ऐकणाऱ्याला कळतं की विचारणा आपल्यालाच आहे, आणि नको असेल तर नकार न देता दुसऱ्याचं नाव सांगून सुटता येतं.

आता प्रोफाइल ऑनलाइन असतात, शोधायचं काम बरंच सोपं झालंय. शंभर जणांना एकच मेसेज कॉपी पेस्ट करणाराही स्वतःला हेडहंटर म्हणवतो, आणि रिटेनरवाले मात्र तो शब्द ऐकला की तोंड वाकडं करतात.